तेल सोडून गॅस घेतला: लिस्बर्नमधल्या घरात एक हिवाळा काढल्यानंतर

गॅसच्या बॉयलरने फेब्रुवारीत ऐन कडाक्याच्या थंडीत दगा दिला आणि बसवून देणाऱ्याने फोनवर ‘हे वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात वर केले. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. आता मे संपत आलाय, हीटिंग बंद आहे आणि पूर्ण सीझनची बिलं हातात आहेत.

बेलफास्टच्या आसपास जुनं घर घेणाऱ्या आपल्या लोकांपुढे हा प्रश्न येतोच. परसात तेलाचा बॉयलर आहे, रस्त्यातून गॅसची लाईन गेलीय, मग बदलायचा का? लंडन-मँचेस्टरच्या मित्रांना विचारून उपयोग नाही, त्यांच्याकडे पहिल्यापासून गॅसच. उत्तर आयर्लंडमध्ये नैसर्गिक गॅस आला तो १९९६ मध्ये, स्कॉटलंडहून समुद्राखालून पाईप टाकून. त्याआधी लोकांनी तेलाच्या टाक्या बसवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. आजही इथली निम्म्याहून जास्त घरं तेलावर तापतात. तेल म्हणजे आपलं रॉकेलच. टँकरवाला नळी लावतो तेव्हा येणारा वास रेशनच्या दुकानातलाच.

तेलाबद्दल मला राग नाही, हे आधी सांगते. उलट काटकसर करणाऱ्या माणसाला तेल आवडतं. कन्झ्युमर कौन्सिल ही इथली ग्राहकांची संस्था दर आठवड्याला ३००, ५०० आणि ९०० लिटरचे सरासरी भाव जाहीर करते. ते बघत राहायचं आणि भाव पडला की टाकी भरायची. आम्ही उन्हाळ्यात भरायचो. एकदा पैसे दिले की हिवाळाभर बिलाची धास्ती नाही. हात तंग असेल त्यांच्यासाठी कौन्सिलांचे ऑइल स्टॅम्प असतात, थोडे थोडे पैसे साठवता येतात. हाउसिंग एक्झिक्युटिव्ह या सरकारी घरांच्या संस्थेचे ऑइल क्लबही आहेत, शेजारीपाजारी मिळून ऑर्डर दिली की भाव थोडा उतरतो. आणि अगदीच खडखडाट झाला तर पेट्रोलपंपावरून २० लिटरचा ड्रम आणून वेळ मारून नेता येते.

पण भाव आपल्या बाजूने असेल तोवरच हे सुख. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर इथे लिटरमागे एक पाउंडाच्या वर भाव गेला होता. शेजारच्या आजींनी तो महिना एकाच खोलीत काढला. गॅसच्या दरावर इथल्या युटिलिटी रेग्युलेटरची नजर असते, मुख्य पुरवठादाराला दरवाढ मंजूर करून घ्यावी लागते. तेलाला असा कोणी वाली नाही.

आमचा तेलाचा बॉयलर गेला तो मात्र भावामुळे नाही, पाण्यामुळे गेला. टाकी जुनी, एकाच भिंतीची, उन्हापावसात उभी. अशा टाकीत आतल्या बाजूला दव धरतं, ते पाणी तळाशी बसतं, त्यात गाळ साचतो. टाकी अर्धी रिकामी ठेवली की हे जास्त होतं. नवीन तेल ओतलं की तो गाळ ढवळला जातो आणि फिल्टरमधून थेट बर्नरच्या नोझलपर्यंत पोचतो. नोझलचं भोक केसाएवढं असतं, पंप त्यातून तेलाचा फवारा मारतो. तिथे पाणी आलं की ज्योत विझते, ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या फोटोसेलला उजेड दिसत नाही आणि बॉयलर लाल बटण पेटवून बसतो. आमच्या मेकॅनिकने आधी नोझल बदललं, पैसे घेतले. पुन्हा बंद पडल्यावर फोटोसेल बदलला, परत पैसे घेतले. टाकीच्या तळाचं तेल बाटलीत काढून बघा, असं मीच म्हटलं. बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसत होता. तेलाचा बॉयलर असणाऱ्या प्रत्येकाने दर सप्टेंबरात हे करावं. पाच मिनिटांचं काम आहे.

तोवर बॉयलरचं वयही बरंच झालं होतं. नवी दुहेरी भिंतीची टाकी आणि नवा तेलाचा बॉयलर यांचा खर्च एका बाजूला, गॅसची जोडणी आणि नवा कॉम्बी (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा बॉयलर) दुसऱ्या बाजूला. दोन्ही आकडे तीन हजार पाउंडांच्या आसपास येत होते. गॅस घेतला.

पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत सुटले होते की डोळे मिटून गॅस घ्या. बॉयलरचा आवाज नाही, परसातला धूर नाही, टाकीत काठी बुडवून बघणं नाही. टाकीची जागा मोकळी झाली तिथे मेथी लावायची ठरली. पैशांचा हिशेबही चांगला दिसत होता. हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून बघावा, सोपा आहे. एक लिटर रॉकेलमध्ये साधारण १०.३ युनिट उष्णता असते. म्हणजे तेल लिटरला ६० पेन्स असेल तर युनिटला पावणेसहा पेन्सच्या थोडं वर पडलं. गॅसचं बिल थेट युनिटमध्येच येतं. पण हे झालं कच्च्या इंधनाचं. जुना बॉयलर त्यातली जवळपास पाव उष्णता धुरांड्यातून घालवत असेल तर तेलाचा खरा दर पावणेआठ पेन्सच्या घरात जातो. तेव्हा गॅस स्वस्त की तेल स्वस्त या प्रश्नात निम्मं उत्तर बॉयलरच्या वयाचं असतं. नवा कंडेन्सिंग, म्हणजे धुरातलीही उष्णता वसूल करणारा, तेलाचा बॉयलर घेतला असता तर इंधनाच्या खर्चात फार फरक पडला नसता, असं आता बिलं बघून वाटतं. तेल स्वस्त असेल त्या वर्षी तर तेलच जिंकेल.

आणि आता मुख्य तक्रार. ही गॅसची नाही, बंबाची आहे.

तेलाच्या बॉयलरबरोबर आमच्याकडे वरच्या मजल्यावर हॉट प्रेस होतं. नवीन आलेल्यांना सांगायचं तर भिंतीतलं कपाट, त्यात गरम पाण्याचा तांब्याचा बंब आणि बंबावर लाकडी फळ्या. कॉम्बीला बंब लागत नाही, तोटी उघडली की पाणी जागेवर तापतं. म्हणून बसवणाऱ्याने बंब काढून नेला, कपाट रिकामं झालं आणि ‘बघा, केवढी जागा मिळाली’ असं सांगून गेला. त्या जागेची किंमत मला नोव्हेंबरात कळली.

त्या कपाटात आमचं दही लागायचं. सासूबाई हिवाळ्यात आल्या की रात्री विरजण लावून पातेलं वरच्या फळीवर ठेवायच्या, सकाळी सुरीने कापावं असं घट्ट दही. इडलीचं पीठ तिथेच फुगायचं. धुतलेले कपडे, मुलाचा शाळेचा युनिफॉर्म, टॉवेल, सगळं तिथे रात्रभरात खडखडीत. इथे ऑक्टोबर ते मार्च बाहेर दोरीवर काही वाळत नाही. आता कपडे रेडिएटरवर टाकतो. खोलीत ओल धरते, खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली, ती जानेवारीत मी पुसत बसले होते. ड्रायर लावावा तर विजेचं युनिट गॅसच्या तीन-चारपट महाग. दही आता अवनचा दिवा लावून करते. लागतं, पण कधी आंबट होतं, कधी पाणी सुटतं.

बसवणाऱ्याचं म्हणणं होतं की बंबातून उष्णता वाया जाते. जाते, जुना बंब दिवसाला दोन-तीन युनिट सहज घालवतो. पण हिवाळ्यात ती जाते कुठे? घरातच. ज्या काळात आपण पैसे देऊन घर तापवतो त्या काळात ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात जाते ते खरं, आणि फोमचं आवरण असलेल्या नव्या बंबात ती बरीच कमी होते. शिवाय कॉम्बीचं ‘प्रीहीट’ चालू ठेवलं तर तोही पाणी लगेच यावं म्हणून दिवसभर गॅस जाळून आतला भाग गरम ठेवतो. ते आधी बंद करा. आमचं बसवतानाच चालू ठेवलेलं होतं.

दुसरं, कॉम्बीच्या पाण्याला मर्यादा आहे. ३० किलोवॅटचा कॉम्बी हिवाळ्यातलं बर्फगार पाणी ३५ अंशांनी तापवून मिनिटाला १२ लिटर देतो. एक शॉवर नीट होतो. वर शॉवर चालू असताना सासूबाईंनी खाली भांडी घासायला घेतली की दोन्हीकडे कोमट पाणी.

फेब्रुवारीत झालं ते सांगते. कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता वसूल करतो, त्यातून तासाला लिटर-दोन लिटरपर्यंत पाणी निघतं. ते बाहेर नेणारी प्लास्टिकची नळी आमच्याकडे उत्तरेच्या भिंतीवरून उघडी गेली होती, तीही बारीक, साडेएकवीस मिलिमीटरची. घराबाहेरून जाणारी नळी निदान ३२ मिलिमीटरची आणि आवरण घातलेली हवी. रात्री ती गोठली, पाणी आत तुंबलं, बॉयलरमधून गुडगुड आवाज आला आणि तो बंद पडला. कोमट पाणी ओतून नळी मोकळी केली (उकळतं ओतू नका, प्लास्टिक तडकतं) आणि रीसेट केलं. पण ते समजेपर्यंत दुपार झाली. तोवर घर गार, आणि तोटीला गरम पाण्याचा थेंब नाही. बंब असता तर त्यातल्या विजेच्या कॉइलवर, म्हणजे इमर्शनवर, निदान आंघोळी झाल्या असत्या. तेलाचा बॉयलर बंद होता ते दिवस आम्ही त्याच इमर्शनवर काढले होते.

बसवणारा म्हणाला, गोठणं हा हवामानाचा दोष आहे. मी बॉयलरचं पुस्तक उघडून बाहेरच्या नळीबद्दलचं पान फोटो काढून पाठवलं. मग भाषा बदलली. दोन आठवड्यांनी माणूस आला, जाड नळी टाकली, फोमचं आवरण घातलं, पैसे घेतले नाहीत. तुमच्याकडे बसवताना त्याच दिवशी ही नळी बघा. अंतिम पैसे देण्याआधी.

मार्चमध्ये मात्र गॅसबद्दलचं मत पुन्हा सुधारलं. रेडिएटरला जाणारं पाणी कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर, ७५ अंशांवर होतं. इतकं गरम पाठवलं की परत येणारं पाणी ५५ अंशांच्या वर राहतं, वाफेची उष्णता हाती लागत नाही आणि ९०-९२ टक्के कार्यक्षमतेची जाहिरात कागदावरच राहते. मी ते ५५ वर आणलं. घर तापायला वेळ लागतो, म्हणून हीटिंग पहाटे तासभर आधी लावायचं, पण गॅसचा वापर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. सासूबाई म्हणाल्या, रेडिएटर हाताला चटका देत नाहीत तरी खोली जास्त वेळ उबदार राहते. इथे गॅस खरोखर तेलापेक्षा सरस आहे. त्याच्या धुरात वाफ जास्त असते, त्यामुळे परतीचं पाणी ५५ च्या खाली आलं की फायदा सुरू होतो. तेलाच्या बाबतीत परतीचं पाणी ४७ च्या आसपास आणावं लागतं आणि मिळतंही कमी.

मग तेल कोणी ठेवावं? बॉयलर दहा वर्षांच्या आतला असेल, टाकी दुहेरी भिंतीची असेल आणि उन्हाळ्यात एकरकमी भरायची ताकद असेल, त्यांनी बदलायची घाई करू नये. गावाबाहेर लाईनच नाही त्यांचा प्रश्नच मिटला. भाड्याच्या घरात राहून महिन्याचं महिन्याला भागवणाऱ्यांना गॅस सोयीचा. कार्ड भरून चालणारा मीटर इथे खूप घरांत आहे आणि पैसे हातात असतील तेवढंच जळतं. हीट पंपाचं (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) विचारणाऱ्यांनी इंग्लंडचे व्हिडिओ बघून हिशेब करू नये. तिकडची साडेसात हजार पाउंडांची मदत इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे, आपल्याला लागू नाही.

गॅस घेत असाल तर कॉम्बीच्या जागी बंबाला जोडायचा सिस्टीम बॉयलर घ्या, असं माझं आता ठाम मत आहे. बसवणारा नाही म्हणेल, कारण त्याला काम जास्त. त्याला इतकंच विचारा की बंबासाठी ६५ अंश आणि रेडिएटरसाठी ५५ अंश अशी दोन वेगळी तापमानं ठेवता येतात का. बंबातलं पाणी जंतूंसाठी ६० पर्यंत न्यावंच लागतं, म्हणून हे वेगळं हवं. अशी सोय असलेले बॉयलर मिळतात. आणि हॉट प्रेसच्या फळ्या कोणालाही काढू देऊ नका. आमच्या कपाटात बंब परत बसवायचे दोन कोटेशन आलेत, दोन्ही हजाराच्या वर. तिसऱ्याची वाट बघतेय. तो आठशेच्या आत आला तर सप्टेंबरपूर्वी बसवून घेणार.