शवागारासाठी सीटी यंत्र घ्यावे का? विच्छेदन आणि मरणोत्तर स्कॅन यांची तुलना

शवागारासाठी सीटी यंत्राचा प्रस्ताव लिहिणाऱ्या विभागप्रमुखाने किमतीआधी आपल्याकडे कोणत्या प्रकारचे मृत्यू जास्त येतात, याचा हिशेब मांडावा. मेलबर्नच्या न्यायवैद्यक संस्थेत मरणोत्तर सीटी २००५ पासून, तर दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून वापरात आहे. विच्छेदनाची सुरी मात्र दोन्हीकडे कायम आहे.

गोळीबार, वाहन अपघात आणि उंचावरून पडणे यांत सीटी बऱ्याच बाबतींत सरस ठरते. मृतदेह पिशवीतून न काढताही गोळीचे तुकडे किती आणि कुठे अडकले आहेत हे कळते, आणि नेहमीच्या विच्छेदनात सहसा न उघडली जाणारी चेहऱ्याची हाडेही दिसतात. छातीत साचलेल्या हवेचेच पाहा. छातीवरची त्वचा सोडवून तिचा खिसा करायचा, त्यात पाणी भरायचे, पाण्याखाली बरगड्यांमधून छेद द्यायचा आणि बुडबुडे येतात का ते पाहायचे, ही जुनी रीत. ती विसरून छाती उघडली, तर पुरावा अक्षरशः हवेत विरतो. स्कॅनमध्ये हीच हवा आधीच टिपलेली असते.

अचानक आलेल्या नैसर्गिक मृत्यूंत मात्र पारडे फिरते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, १८२ मृत्यूंवरील इंग्लंडमधील अभ्यासात सीटीने दिलेले कारण ३२ टक्के प्रकरणांत विच्छेदनातल्या कारणाहून ठळकपणे वेगळे निघाले. मृदू ऊतींसाठी नावाजलेल्या एमआरआयमध्ये हे प्रमाण ४३ टक्के निघाले. हृदयविकार आणि फुप्फुसातील गुठळी या नेमक्या निसटणाऱ्या गोष्टी. रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून केलेल्या सीटीने हृदयधमन्यांपुरती ही उणीव बरीच भरून निघते, पण त्याला वेळ आणि सरावलेला हात लागतो.

विषबाधेत यंत्राचा उपयोग जवळपास नाही. जठर उघडताच येणारा कीटकनाशकाचा उग्र दर्प पडद्यावर उमटत नाही आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अंतर्गत अवयव, प्रयोगशाळेकडे पाठवावाच लागतो. त्यामुळे शेतीप्रधान जिल्ह्यातील रुग्णालयाने, माझ्या मते, ही खरेदी लांबणीवर टाकावी. महामार्गालगतच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ती परवडते, मात्र मृतदेहांचे स्कॅन वाचू शकणारा क्षकिरणतज्ज्ञ हाताशी हवा, कारण मृत्यूनंतर फुप्फुसाच्या खालच्या भागात उतरलेले रक्त न्यूमोनियासारखे दिसते आणि उन्हाळ्यात कुजण्याने रक्तवाहिन्यांत भरलेला वायू हवेच्या गुठळीसारखा.