स्टॉरमाँटची विधानसभा: कागद चोख, दार मात्र बेभरवशाचं

एकतीस वर्षं सरकारी नोकरीत सभांची इतिवृत्तं लिहिली. सूचक कोण, अनुमोदक कोण, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. त्यामुळे कुठल्याही सभागृहाचं कामकाज बघताना माझी नजर भाषणाआधी कागदावर जाते. गेली दोन वर्षं कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी बसून मी उत्तर आयर्लंडच्या विधानसभेचं कामकाज बघते. ती बेलफास्टमध्ये स्टॉरमाँटला भरते. भाची बेलफास्टला नर्स आहे, ते एक निमित्त. खरं कारण माझा धाकटा भाऊ. तो किडनीच्या प्रतीक्षा यादीत होता, आणि तिकडे अवयवदानाचा नवा कायदा झालाय हे भाचीनं फोनवर सांगितलं.

हे सभागृह १९९८ च्या शांतता करारातून उभं राहिलं. ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे युनियनिस्ट आणि आयर्लंडशी एक होऊ म्हणणारे नॅशनॅलिस्ट, दोघांनी मिळूनच सरकार चालवायचं. आमदार ९०. निवडून आल्यावर प्रत्येकानं आपण युनियनिस्ट, नॅशनॅलिस्ट की ‘इतर’, हे नोंदवायचं.

आधी जे मनापासून आवडलं ते सांगते. प्रत्येक विधेयकाचं वेबसाइटवर स्वतंत्र पान आहे. विधेयकासोबत खंडवार खुलाशाचं निवेदन असतं, आणि ते वाचून मला खरंच कळतं. दुसऱ्या टप्प्यात तत्त्वावर चर्चा झाली की विधेयक समितीकडे जातं. समितीला कामाचे ३० दिवस मिळतात, सभागृहाची परवानगी घेऊन मुदत वाढवता येते. तिथं डॉक्टर येतात, संस्था येतात, साधी माणसं येऊन आपलं म्हणणं मांडतात. मग दुरुस्त्यांसाठी एक नाही, दोन टप्पे. आमच्याकडे विधेयक समितीकडे गेलं तर त्याची बातमी होते. तिथं तो नेहमीचा रस्ता आहे. घाईचं विधेयक समितीला वगळून नेता येतं, पण त्यालाही दोन्ही बाजूंची संमती लागते.

मतविभागणीची नोंद तर मी दोनदा वाचली. दोन्ही समाजांची संमती लागणारा विषय असेल तर बाजूनं मत देणाऱ्यांची नावं वेगवेगळ्या मथळ्यांखाली छापतात: नॅशनॅलिस्ट, युनियनिस्ट, इतर. विरोधातलीही तशीच. खाली टक्केवारी. कुणी कुणाला साथ दिली हे पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यालाही कळेल. असं इतिवृत्त लिहायला मिळालं असतं तर मी रात्री बसून लिहिलं असतं.

पण याच मथळ्यांत एक अन्याय आहे. दोन्ही बाजूंची संमती मोजताना ‘इतर’ फक्त एकूण आकड्यात धरतात. २०२२ च्या निवडणुकीत अलायन्स पक्षाचे १७ जण आले, ते सगळे ‘इतर’. त्यांच्या मताला अशा वेळी वजन कमी. मतदारानं मत दिलं ते सारखंच की!

दुसरी तक्रार ३० सह्यांच्या अर्जाची. ३० आमदारांनी सही केली की साध्या बहुमतावर विषय सुटत नाही, दोन्ही बाजूंची संमती लागते. अल्पसंख्य बाजूवर अन्याय होऊ नये म्हणून ही सोय. पण २०१५ मध्ये समलिंगी विवाहाच्या ठरावाला बहुमत मिळूनही याच अर्जानं तो पडला. शेवटी तो कायदा लंडनच्या संसदेनं केला. २०२२ पासून सह्या किमान दोन पक्षांच्या लागतात. सुधारणा योग्य आहे, पण उशिरा आली.

आणि समिती असली म्हणजे चूक सापडतेच असंही नाही. २०१२ ची, लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळून इमारती गरम ठेवणाऱ्या बॉयलरची अनुदान योजना घ्या. ब्रिटनच्या नियमावलीत जास्त वापरावर अनुदानाचा दर कमी करणारा टप्पा होता, तो इथं गाळला. इंधनाच्या खर्चापेक्षा अनुदान जास्त. जितकं जाळाल तितकी कमाई! विभाग, समिती, सभागृह, सगळ्यांच्या हातून तो कागद गेला आणि कुणी अडवला नाही. त्यावरून झालेल्या भांडणात जानेवारी २०१७ मध्ये सरकार कोसळलं आणि तीन वर्षं सभागृह बंद राहिलं.

माझं खरं दुखणं याच बंद दाराचं आहे. अवयवदानाचा कायदा, मानीव संमतीचा, म्हणजे हयातीत ‘नको’ असं नोंदवलं नसेल तर होकार धरायचा. नातेवाइकांना तरी विचारतातच. हृदयाची वाट बघणाऱ्या एका लहान मुलाच्या नावानं तो ओळखला जातो. २०२२ च्या सुरुवातीला सभागृहानं तो मंजूर केला. कोणते अवयव त्यात धरायचे याचे नियम तेवढे सभागृहानं संमत करायचे राहिले होते. पण मे महिन्यातल्या निवडणुकीनंतर एका मोठ्या पक्षानं सहकार्य नाकारलं, आणि अध्यक्ष निवडायलाही दोन्ही बाजूंची संमती लागते. अध्यक्ष नाही, म्हणजे कामकाज नाही. मंजूर कायदा नुसता पडून. शेवटी २०२३ मध्ये लंडनच्या संसदेनं मधे पडून वाट काढली आणि १ जूनला तो लागू झाला. विधानसभा उघडली ती ३ फेब्रुवारी २०२४ ला.

भाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा. मी बाहेर बाकावर बसून हे सगळं फोनवर वाचायची. यादीत नाव असणाऱ्याला एकेक महिना काय असतो, हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. (त्याला शेवटी वहिनींनी स्वतःची किडनी दिली. आता बरा आहे.) बंद सभागृह कोल्हापूरकरांना नवं नाही. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकच होता. पण स्टॉरमाँटला दार बंद झालं ते एका बाजूला नुसतं ‘नाही’ म्हणता येतं म्हणून. ती सोय बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे. निदान अध्यक्षाच्या निवडीपुरती तरी.

पाचपैकी तीन तारे. कागदाला पाच दिले असते.

बघायचं असेल तर सोमवारी बघा. तिकडे दुपारी १२ ला बैठक सुरू होते, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. आधी अवयवदानाच्या विधेयकाचं खुलाशाचं निवेदन वाचून घ्या, मग समितीचा अहवाल. इंग्रजी जड वाटलं तर मंगळवार पेठेत या, माझ्याकडे मराठीत टिपणं काढलेली वही आहे.