विभाग अनेक, संकेतस्थळ एक: वर्डप्रेस, ड्रुपल की जूमला?

आमच्या कॉलेजच्या संकेतस्थळावरचं परीक्षेचं वेळापत्रक एकदा भौतिकशास्त्राच्या क्लार्कने पुसलं. आपल्याच विभागाचं पान समजून त्याने परीक्षा विभागाचं पान उघडलं, जुना मजकूर काढला आणि ‘अपडेट’ दाबलं. संकेतस्थळ ज्या प्रणालीवर चालत होतं त्या वर्डप्रेसने अडवलं नाही, कारण तो ‘एडिटर’ होता आणि एडिटरला सगळी पानं मोकळी असतात. तेव्हापासून वर्डप्रेस आणि तशाच ड्रुपल, जूमला या प्रणाली, असे तिन्ही पर्याय उलटसुलट करून पाहिलेत. ज्यांना आता निवड करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

वर्डप्रेसच्या मूळ भूमिका पाच: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्यूटर, सब्स्क्रायबर. यातून हुद्दा ठरतो, हद्द ठरत नाही. ऑथरला फक्त स्वतःचं लिखाण बदलता येतं, म्हणजे क्लार्कची बदली झाली की नव्या माणसाला जुन्या सूचनेतली तारीखही दुरुस्त करता येत नाही. कॉन्ट्रिब्यूटरला फाइल चढवता येत नाही, आणि पीडीएफ नसलेली सूचना आपल्याकडे कोण खरी मानतो? प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) घालून हद्दी आखता येतात, पण मग सगळी भिस्त त्या प्लगइनवर.

दुसरी वाट मल्टिसाइटची. २०१० मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ती वर्डप्रेसमध्येच आहे. प्रत्येक विभागाला वेगळी साइट, लॉगिन मात्र एकच. एका ठिकाणी एडिटर असलेला दुसरीकडे कुणीच नसतो. कुंपण पक्कं. पण साइटच्या अ‍ॅडमिनलाही प्लगइन टाकता येत नाही, ते सगळ्या साइट्स सांभाळणाऱ्या सुपर अ‍ॅडमिनचं काम. साइटच्या अ‍ॅडमिनने नकाशाचा आयफ्रेम (दुसऱ्या साइटचा तुकडा आपल्या पानात दाखवणारा कोड) चिकटवला तर जतन करताना तो गुपचूप गाळला जातो. विभागांच्या बातम्या मुख्य पानावर आपोआप येत नाहीत, ती जोडणी तुम्हालाच करावी लागते. विभाग खरोखरच स्वतंत्र संसार करणारे असतील तर मी हेच सुचवेन.

ड्रुपलमध्ये परवानग्यांचा चौकटीचौकटींचा भला मोठा तक्ता असतो. पण तो मजकुराच्या प्रकारानुसार चालतो: ‘कोणतीही सूचना बदला’ अशी परवानगी दिली की सगळ्या विभागांच्या सूचना हातात. विभागवार हद्दीसाठी वर्कबेंच अ‍ॅक्सेस किंवा ग्रुप हे मॉड्यूल (ड्रुपलमधलं प्लगइन) घ्यावं लागतं. वर्कबेंचमध्ये विभागांची उतरंड एकदा मांडली की माणसं त्या-त्या फांदीवर बसवायची. जोडीला कच्चा मसुदा, तपासणी, प्रसिद्धी अशा टप्प्यांची वेगवेगळी परवानगी मूळ ड्रुपलमध्येच मिळते. क्लार्कने लिहायचं आणि विभागप्रमुखांच्या होकाराशिवाय काहीच बाहेर पडू द्यायचं नाही, अशी शिस्त हवी असेल तर ड्रुपलच घ्या. मात्र हाताशी डेव्हलपर हवा, अधूनमधून येणारा नव्हे.

आता जूमला. नाव स्वाहिलीतल्या ‘जुम्ला’वरून, अर्थ ‘सगळे मिळून’. आपल्या जुन्या हिशेबांत एकूण बेरजेला ‘जुमला’ म्हणत, तोही मूळचा अरबीच. आज जूमलाची फॅशन उरलेली नाही, पण २०११ च्या १.६ आवृत्तीपासून प्रत्येक कॅटेगरीला स्वतंत्र परवानग्या देता येतात, त्याही कुठलंच एक्स्टेन्शन (जूमलातलं प्लगइन) न घालता. भौतिकशास्त्राचा गट करा, त्या कॅटेगरीत त्याला लिहिण्या-बदलण्याची मुभा द्या, झालं.

खोच ‘डिनाइड’मध्ये, म्हणजे स्पष्ट नकाराच्या पर्यायात आहे. मी उत्साहाने भौतिकशास्त्र गटाला परीक्षा कॅटेगरीत ‘डिनाइड’ करून ठेवलं. त्या विभागातले एक सर परीक्षा समितीवरही होते, म्हणून त्यांना दोन्ही गटांत घातलं. परीक्षा गटाची परवानगी असूनही पान त्यांना बदलता येईना, कारण जूमलात एका गटाचा नकार बाकी सगळ्यांचे होकार खाऊन टाकतो. ड्रुपलमध्ये उलट: तिथे नकार नावाची चीजच नाही, कुठल्याही एका भूमिकेने दिलेली परवानगी चालते. जूमलात ‘डिनाइड’ला हात न लावता ‘इनहेरिटेड’ (वरच्या पातळीवरची परवानगी तशीच लागू) तसंच राहू द्यायचं. वरून परवानगी आलेली नसेल तर दार बंदच असतं.

आम्ही शेवटी जूमलावर गेलो: विभाग बरेच, डेव्हलपर शून्य. त्या क्लार्कला आता परीक्षेच्या पानावर ‘एडिट’चं बटणच दिसत नाही.