दूध, घट्ट दही, चीज की व्हे? आधी तुमची भूक कधी लागते ते पाहा

दोन जेवणांच्या मधल्या भुकेसाठी दुग्धजन्य पदार्थांपैकी काय घ्यावं, असं विचारलं की बहुतेक जण प्रथिनांचे ग्रॅम मोजून मोकळे होतात. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. ती प्रथिनं पोटात किती वेळ थांबतात, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

गरम दुधात लिंबू पिळून पाहा. चोथा वेगळा होतो आणि हिरवट निवळी उरते. जठरातल्या आम्लात आणि पाचकरसात साधारण हेच घडतं. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. ते गोठतं आणि जठरात रेंगाळतं. उरलेली २० टक्के व्हे प्रथिनं, म्हणजे त्या निवळीतली, मात्र विरघळलेलीच राहतात आणि भराभर आतड्यात उतरतात.

आतड्याच्या सुरुवातीला प्रथिनं आणि स्निग्धांश पोचले की सीसीके हे संप्रेरक स्रवतं. ते व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूला ‘आता पुरे’ असं कळवतं आणि जठर रिकामं होण्याचा वेगही कमी करतं. जीएलपी-१ आणि पीवायवाय या आतड्यातल्या संप्रेरकांचंही काम तृप्तीचंच. याउलट जठरातून येणारं घ्रेलिन हे संप्रेरक भूक चाळवतं आणि खाल्ल्यावर उतरतं.

व्हे झपाट्याने उतरत असल्यामुळे तिचा परिणामही लवकर दिसतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना ४८ ग्रॅम व्हे किंवा तितकंच केसीन दिलं आणि ९० मिनिटांनी हवं तेवढं जेवू दिलं. व्हे घेतल्यावर लोक कमी जेवले; सीसीके आणि जीएलपी-१ ची पातळीही जास्त चढली. पण ४८ ग्रॅम हा आकडा नीट पाहा. २५० मिलिलिटर दुधात एकूण प्रथिनं ८ ग्रॅमच्या आसपास, त्यात व्हे दीड ग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे तेवढी व्हे दुधातूनच मिळवायची तर जवळपास तीस पेले लागतील! चमचाभर व्हे पावडर टाकून तसाच परिणाम होईल, ही अपेक्षा धरू नका.

दही गाळून घट्ट केलं की निवळीबरोबर थोडं लॅक्टोज (दुधातली साखर) आणि कॅल्शियमही जातं, पण १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं राहतात, बहुतेक केसीनच. शिवाय ते चमच्याने, सावकाश खाल्लं जातं. दूध आपण दोन मिनिटांत संपवतो. चीजमध्ये केसीनला स्निग्धांशाची जोड असते आणि लांब साखळीची मेदाम्लं सीसीके चांगलं वाढवतात. पण कडक चीजच्या ३० ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे १२० कॅलरी असतात, आणि एका तुकड्यावर थांबणं सोपं नसतं.

कॅल्शियमचं खूप कौतुक होतं. प्रथिनांसोबत ते या संप्रेरकांना थोडा हातभार लावू शकतं, पण केवळ त्यासाठी पदार्थ निवडू नये.

जेवण तास-दीड तासावर असेल आणि ताटावर बसल्यावर हात आवरत नसेल, तर व्हे. पुढचं जेवण तीन-चार तास लांब असेल, तर गाळलेलं, साखर न घातलेलं दही. बहुतेकांना मी दहीच सुचवेन, कारण ते रोज खाणं जमतं. दूध या दोन्हींच्या मधलं. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मधुमेह आणि वजनासाठी दिल्या जाणाऱ्या जीएलपी-१ च्या औषधांना मात्र यातलं काहीही पर्याय नाही. शरीरात तयार होणारं जीएलपी-१ एक-दोन मिनिटांतच निम्मं होतं. सेमाग्लुटाइड या त्यांपैकी एका औषधाला त्यासाठी सुमारे आठवडा लागतो.

आणि दूध प्यायल्यावर पोट तटतटत असेल, गुडगुडत असेल, तर त्याला तृप्ती समजू नका. बहुधा लॅक्टोज पचत नसेल. अशा वेळी घट्ट दही किंवा मुरलेलं चीज थोडं थोडं खाऊन पाहा. त्यांत लॅक्टोज कमी असतं.