इथेनॉलसाठी ऊस की मका?

धाराशिवकडच्या भाच्याचा प्रश्न: इथेनॉलला (पेट्रोलमध्ये मिसळायच्या इंधनाला) मागणी आहे, तर ऊस लावू की मका?

पाण्यातच मोठा फरक. आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस दीड वर्ष रान अडवतो, उन्हाळाभर पाणी मागतो. मका साधारण चार महिन्यांत निघतो, पुढे हरभऱ्याला रान मोकळं. मात्र लष्करी अळीवर पोंग्यात (कोवळ्या पानांच्या गाभ्यात) डोकावून रोज नजर हवी.

दराचं मात्र उलट. २०२५-२६ साठी उसाची एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) क्विंटलला ३५५ रुपये, चौदा दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक, तरी थकते. त्याच वर्षासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, पण बाजारात तो मिळेलच असं नाही. इथेनॉलच्या जोरावर मका चढला, तेव्हा कोंबडीखाद्य महागलं आणि २०२४ मध्ये देशाला मका आयात करावा लागला. ही झळ पोल्ट्रीवाल्या शेजाऱ्यालाच बसते, ती मला खुपते. उसाचंही धोरण डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात फिरलं: साखर कमी पडेल म्हणून रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले.

बारमाही कॅनॉल आणि वेळेवर पैसे देणारा कारखाना असेल तर ऊस. विहीर मार्चमध्येच तळ गाठत असेल तर मकाच, तोही सगळ्या रानात नको.