मिनीबाइकला इंजिन कोणतं बसवावं: एक्सएलचं, स्प्लेंडरचं की पंपाचं?

घरी केलेल्या मिनीबाइकची फ्रेम उभी आहे, पुढं-मागं स्कूटरची दहा इंची चाकं बसलीत आणि काम अडलंय ते इंजिनापाशी. किंवा गाडी जुनीच आहे, पण आधीचं इंजिन जाम झालंय आणि दुसरं शोधायचंय. आपल्याकडं अशा वेळी तीन पर्याय सहज हाताशी येतात: भंगारातलं टीव्हीएस एक्सएल सुपरचं ६९.९ सीसीचं टू-स्ट्रोक, स्प्लेंडर घराण्यातलं ९७.२ सीसीचं चार गिअरवालं, आणि पाण्याच्या पंपाला किंवा पॉवर वीडरला (तण काढायच्या यंत्राला) असतं ते होंडा जीएक्स१६० छापाचं फोर-स्ट्रोक. लुनाचंही नाव निघतंच, पण तिचं जुनं पन्नास सीसी इंजिन घरात पडलेलं असेल तरच त्याच्या वाटेला जा. सुटे भाग गोळा करण्यातच उत्साह संपतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सपाट आवारात किंवा शेतात चालवायची असेल आणि दुरुस्ती स्वतः करायची असेल तर पंपाचं. चढ असतील, चालवणारा मोठा माणूस असेल तर स्प्लेंडरचं. एक्सएलचं घ्यायचं ते फुकटात मिळत असेल तरच.

लोक सीसी आणि टॉप स्पीड यांवर घोळ घालत बसतात. गाडी चालेल की क्लच जाळेल हे ठरतं शाफ्टच्या पुढं. पंपाच्या इंजिनाला गिअरबॉक्स नसतो. शाफ्टवर सेंट्रिफ्युगल क्लच (फेऱ्या वाढल्या की आपोआप पकडणारा), त्याला दहा दात, मागं साठ दातांची चक्री (स्प्रॉकेट), म्हणजे सहास एक: इंजिनाच्या सहा फेऱ्यांना चाकाचा एक. इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेगाला लगाम घालणारा भाग, मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या वर जाऊ देत नाही. ९०/१००-१० टायर एका फेऱ्यात साधारण १.३६ मीटर जातो. हिशेब केला तर टॉप स्पीड ४९ किलोमीटरच्या आसपास. ऐकायला झकास! पण हाच हिशेब खालच्या बाजूनं करा. असा क्लच साधारण २००० फेऱ्यांना पूर्ण पकडतो. त्या वेळी गाडीचा वेग असतो २७. म्हणजे २७ च्या खाली तुम्ही जितका वेळ चालवाल तितका वेळ क्लच घसरतच असतो. आवारात गाडी चालतेच मुळी पंधरा-वीसनं. मग ड्रम निळा पडतो, लायनरचा जळका वास येतो आणि दोष जातो ‘डुप्लिकेट क्लच’च्या माथी.

उपाय मधल्या शाफ्टचा. दोन पेडस्टल बेअरिंगांवर एक शाफ्ट, त्यावर दोन चक्र्या, आणि एकूण रिडक्शन (वेग उतरवण्याचं हे प्रमाण) नऊस एक. आता क्लच १८ च्या वेगाला पकडतो, टॉप स्पीड ३२-३३ वर येतो आणि चढावर गाडी रडत नाही. मागची चक्रीच आणखी मोठी केली तर भागेल असं वाटतं, पण बाइकच्या चेनची साठ दातांचीच चक्री जवळजवळ २४ सेंटिमीटर व्यासाची होते. तुमचं चाक आणखी छोटं, टायरसकट बारा इंच उंचीचं असेल, तर ती जमिनीपासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर राहते. पावसाळ्यात चिखल उचलायला तेवढं पुरे.

स्प्लेंडरच्या इंजिनाला यातलं काहीच लागत नाही. हातातला क्लच आणि चार गिअर, पहिल्यात माणसाच्या चालीनंही गाडी न कुरकुरता जाते. मूळ गाडीचं १८ इंची चाक एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच्या वर जातं. तुमचं दहा इंची त्याच्या पाऊणपट. म्हणजे कंपनीचाच चेनसेट ठेवला तरी प्रत्येक गिअरचा वेग पाव हिश्शानं उतरतो आणि ओढ वाढते. चक्रीचा हिशेब करायची गरजच नाही. गोची वेगळ्या ठिकाणी आहे. स्कूटरचं मागचं चाक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर थेट बसतं, त्याला चक्री लावायला जागा नसते. लेथवर ॲडाप्टर करून घ्यावा लागतो. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याला चाक आणि चक्री दोन्ही नेऊन द्या. नुसती मापं कागदावर लिहून नेलीत तर दुसरी फेरी नक्की. (पंपाच्या आणि एक्सएलच्या इंजिनालाही हा ॲडाप्टर लागतोच.)

एक्सएल या दोघांच्या मधलं. क्लच आणि रिडक्शन इंजिनाच्या पोटातच, गिअर बदलायची भानगड नाही, आणि मूळ १६ इंची चाकाच्या जागी दहा इंची आल्यामुळं ओढही थोडी वाढते. मात्र पेट्रोलात टू-टी ऑइल घालायचं एकदा विसरलं की पिस्टन जाम. आणि विसरणारा बहुधा तुम्ही नसता, ‘एक चक्कर मारतो’ म्हणून गाडी मागून नेणारा असतो.

दुरुस्तीत पंपाचं इंजिन बाकीच्या दोघांना पाणी पाजतं. वजन साधारण पंधरा किलो, चार बोल्ट काढले की इंजिन टेबलावर. ऑइल सहाशे मिलीच्या आसपास. प्लग, कॉइल, टॅपेट, कार्बोरेटर सगळं उघड्यावर. ठरलेली तक्रार एकच: महिनाभर उभी होती, आता चोक ओढलेला ठेवला तरच चालते, चोक सोडला की बंद. याचा अर्थ कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबलाय. पेट्रोल कमी येतंय आणि चोक हवा कमी करून ती तूट भरून काढतोय. कार्बोरेटरखालची वाटी उतरवा, जेट काढून उजेडाकडं धरा. भोक स्वच्छ गोल दिसत नसेल तर कार्ब क्लीनर आणि हवा मारा. तार घालून भोक मोठं करू नका. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आल्यापासून हे जास्तच होतं. गाडी ठेवून द्यायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं तर वाटी रिकामी होते आणि ही कटकट टळते.

दुसरी तक्रार नवख्याला चक्रावून टाकते. सपाटीवर इंजिन ठणठणीत, चढावर किंवा खड्ड्यात अचानक बंद. ठिणगीच नाही. कॉइल बदलायच्या आधी ऑइलकडं बघा. या इंजिनात ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो, आणि इंजिन कललं की त्याला ऑइल कमी झाल्यासारखं वाटतं. पुष्कळ जण त्याची वायर सरळ काढून ठेवतात. काढा, पण मग दर वेळी ऑइलची पातळी बघायची जबाबदारी तुमची. आत ऑइल पंप नाही, नुसतं उडवून वंगण होतं. वीस अंशांपलीकडचा चढ या इंजिनाला मानवत नाही, आणि डोंगराळ भागासाठी मी स्प्लेंडर म्हणतो त्याचं हे मोठं कारण आहे.

स्प्लेंडरचं बाहेरचं काम गावातला कुठलाही मेकॅनिक करतो आणि भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. पण गिअरबॉक्सपर्यंत जायचं तर इंजिन दुभंगावं लागतं आणि ते घरच्या पान्यांवर होत नाही. शिवाय पंपाच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, याला वाऱ्यावर थंड व्हायचं असतं. आवारात तासभर हळू फिरवलं की तापतं. एप्रिल २०२० नंतरचं, फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन मात्र घेऊच नका. सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) यांचं लटांबर मिनीबाइकवर कुठं बांधणार? जुनं कार्बोरेटरचंच बघा.

गव्हर्नर काढून पंपाचं इंजिन पळवण्याचे व्हिडिओ ढिगानं आहेत. त्या वाटेला जाऊ नका: कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा, फ्लायव्हील साध्या ओतकामाचं, जास्त फेऱ्यांना ते फुटू शकतं, आणि ते असतं बसणाऱ्याच्या गुडघ्याशीच. लहान मुलगा चालवणार असेल तर याच गव्हर्नरसाठी मी पंपाचं इंजिन निवडीन.

यातली कुठलीही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तेच बजावलं, आणि घरी केलेल्या गाडीला तर नोंदणीच नाही. मुलगा अल्पवयीन असेल तर कलम १९९ए पालकाच्या मानगुटीवर बसतं: पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जीप केली, तेव्हा कौतुक करणाऱ्या आनंद महिंद्रांनीही ती नियमात बसत नाही हे त्याच दमात सांगितलं होतं, आणि बदल्यात बोलेरो दिली. सगळ्यांच्या नशिबात बोलेरो नसते.

खरेदीला जाताना पंपाच्या इंजिनाचा शाफ्ट हातानं चाचपून बघा. सरळ आणि की-वे (चावी बसायची खाच) असलेला हवा. जनरेटरवरून काढलेल्याचा शाफ्ट बहुधा निमुळता असतो, काही पंपांचा आट्याचा. दोन्हींवर क्लच बसत नाही. कव्हरवर १६८एफ असेल तर ६८ मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), १७०एफ असेल तर ७०; पहिला एक म्हणजे एक सिलेंडर. शाफ्टच्या बाजूनं पाहिलं तर फेरा घड्याळाच्या उलट असतो, म्हणून शाफ्ट गाडीच्या डाव्या अंगाला ठेवायचा. उजवीकडं ठेवलात तर गाडी मागं पळेल. वीडरच्या काही इंजिनांना पुढं गिअरची पेटी असते, त्यात दिशा उलटलेली असू शकते, तेव्हा दोरी ओढून प्रत्यक्ष बघा. भंगारवाल्याकडून स्प्लेंडर किंवा एक्सएलचं इंजिन घेत असाल तर इंजिन नंबर लिहिलेली पावती घ्या. पावती देत नसेल तर इंजिन कितीही स्वस्त असो, तिथंच ठेवून या.