पोटातील वायुदाब स्थिर ठेवण्यासाठी: नेहमीचा इन्सफ्लेटर की झडपविरहित प्रणाली?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत इन्सफ्लेटर या यंत्राने पोटात कार्बन डायऑक्साइड भरून साधारणतः 12 ते 15 मिमी पारा इतका दाब राखला जातो. तो एकाएकी उतरला, तर ऐन रक्तस्राव थांबवण्याच्या वेळी पोटाची भिंत खाली बसते आणि आतडी दुर्बिणीसमोर येतात. तो जास्त चढला, तर हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, श्वासमार्गातील दाब वाढतो आणि पोटाचे आवरण ताणले गेल्याने रुग्णाची नाडीही मंदावू शकते. नवे यंत्र घ्यायचे की आहे त्यावरच भागवायचे, ही चर्चा बहुधा प्रवाहाच्या आकड्यांभोवती फिरते. माझ्या मते ती वायू कुठून आणि का गळतो, इथून सुरू व्हायला हवी.

नेहमीचा इन्सफ्लेटर बहुतेक वेळा एकाच नळीतून वायू सोडतो आणि त्याच नळीतून दाबही मोजतो. त्यामुळे मोजण्यापुरता प्रवाह थांबवावा लागतो आणि दाब घसरल्याचे यंत्राला थोडे उशिरा कळते. यंत्रावर मिनिटाला 40 लिटर लिहिलेले असले, तरी तेवढा वायू पोटात पोहोचेलच असे नाही, कारण ट्रोकारचा (पोटात बसवलेल्या नळीचा, म्हणजेच पोर्टचा) स्टॉपकॉक, म्हणजे वायूची तोटी, अरुंद असतो. त्यातच 10 मिमीची दुर्बीण 10 मिमीच्या पोर्टमध्ये असेल, तर तिच्याभोवती वायूला जेमतेम फट उरते. वायूची नळी दुसऱ्या, मोकळ्या पोर्टला जोडली, तर कित्येकदा एवढ्यानेच तक्रार मिटते; त्याला खर्च काहीच नाही.

म्हणूनच निर्णयापूर्वी यंत्राचा स्क्रीन नीट वाचावा. दाब कमी आणि प्रवाह कमाल दिसत असेल, तर गळती आहे: पोर्टचा झिजलेला वॉशर (रबरी चकती), पोर्टभोवती सैल झालेली चीर किंवा उघडा राहिलेला स्टॉपकॉक. दाब जास्त आणि प्रवाह शून्य दिसत असेल, तर नळी दुमडलेली आहे, स्टॉपकॉक बंद आहे किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उतरतो आहे. या शेवटच्या कारणावर इलाज भूलतज्ज्ञाकडे असतो, विक्रेत्याकडे नव्हे. दोन्ही आकडे खाली असतील, तर आधी सिलिंडर पाहावा.

झडपविरहित प्रणालीची (एअरसील हे त्यातले परिचित नाव) रचनाच वेगळी आहे. तिच्या खास पोर्टमध्ये रबरी झडप नसते. वेगाने फिरणाऱ्या वायूचा पडदाच पोटातला दाब अडवून धरतो. नळीला तीन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे दाब सतत मोजला जातो, बाहेर येणारा वायू गाळून परत आत सोडला जातो आणि कॉटरीचा (विजेने ऊती जाळून रक्त थांबवणाऱ्या साधनाचा) धूरही त्याच वाटेने निघतो. सक्शन लावल्यावर किंवा सुई आत-बाहेर करताना पोट लगेच बसत नाही. मूत्रपिंडाचा भाग काढताना रक्त सतत ओढावे लागते किंवा गर्भाशय काढल्यावर योनीमार्ग उघडा राहतो, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. 8 ते 10 मिमी पाऱ्यावर काम करायचे असेल, तर स्थिरता अधिकच मोलाची ठरते. मात्र कमी दाबामुळे शस्त्रक्रियेनंतरची खांदेदुखी कमी झाली, तर त्याचे श्रेय दाबाला द्यावे, यंत्राला नव्हे. कमी दाब साध्या इन्सफ्लेटरवरही ठेवता येतो.

या प्रणालीचा एक धोका मात्र खरेदीच्या बैठकीत क्वचितच निघतो. सक्शनने यंत्राच्या क्षमतेपेक्षा जास्त वायू ओढला गेला, तर झडप नसलेल्या त्या पोर्टमधून बाहेरची हवा आत शिरू शकते. कार्बन डायऑक्साइड रक्तात सहज विरघळतो, हवेतला नायट्रोजन तसा विरघळत नाही. त्यामुळे यकृताच्या शस्त्रक्रियेत मोठी शीर उघडी असताना अशी हवा रक्तात गेली, तर ते जिवावर बेतू शकते. अशा केसमध्ये सक्शन जपून, थोडे थोडे वापरावे आणि भूलतज्ज्ञाला आधीच कल्पना द्यावी. त्याशिवाय दर रुग्णामागे खास पोर्ट आणि नळीचा खर्च येतो, आणि यंत्राचा सततचा आवाजही काहींना खटकतो.

पित्ताशय, अपेंडिक्स आणि हर्निया हेच मुख्य काम असलेल्या विभागाने चांगले वॉशर, नेमकी चीर आणि दुरुस्तीत ठेवलेला नेहमीचा इन्सफ्लेटर यांवर पैसे घालावेत, असे मी सुचवेन. प्रोस्टेट, मूत्रपिंड किंवा गुदाशयाच्या लांबणाऱ्या शस्त्रक्रिया नियमित होत असतील, तर झडपविरहित प्रणाली घेण्याजोगी आहे. विक्रेता ती चाचणीसाठी देईल, तेव्हा सोप्या पित्ताशयावर न वापरता सक्शन सर्वाधिक लागणाऱ्या केसमध्ये लावून पाहावी, आणि त्या वेळी दाबाच्या आकड्यासोबत भूलतज्ज्ञाच्या मॉनिटरवरचा, रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही टिपून ठेवावा.